पावणेदोन भागिले अर्धा : सोलापुरातल्या एका उन्हाळी गणितवर्गाचं प्रकरण

मे महिन्यात सोलापुरात सकाळी अकरालाच रस्ते ओस पडू लागतात. पारा चाळिशी ओलांडून बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो, शहरात नळाला पाणी रोज येत नाही आणि लग्नसराई ऐन भरात असते. अशा दिवसांत गणिताच्या शिक्षकांना आठवडाभर वर्गाला बोलवायचं, तर एरवी वर्षभरात मिळत नाही असं काहीतरी त्यांना तिथे मिळालं पाहिजे. ते काय असावं, याचा शोध घेणाऱ्या एका वर्गाची ही हकिकत.

वर्गात पस्तीसेक शिक्षक होते. काही शहराच्या पूर्व भागातल्या शाळांमधले, बाकीचे दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि मोहोळ तालुक्यांतले. सगळे पाचवी ते आठवीला गणित शिकवणारे, पण गणित घेऊन पदवी केलेले त्यांत थोडेच. बरेच जण डी.एड. करून नोकरीला लागलेले, पुढे कुणी मराठी घेऊन बी.ए. झालेलं, कुणी इतिहास घेऊन. शाळेत शिक्षक कमी म्हणून गणित वाट्याला आलेलं. हे सर्रास घडतं आणि त्यात त्या शिक्षकांचा काहीही दोष नाही. वर्ग कुठल्या आदेशाने भरलेला नव्हता. दोन प्राध्यापक, तीन-चार निवृत्त शिक्षक आणि खोल्या द्यायला तयार झालेली एक अनुदानित शाळा, एवढ्या बळावर तो उभा राहिला. वर्ग चालवणाऱ्या सुलभकांपैकी मी एक होतो. माणसांची आणि शाळांची नावं इथे दिलेली नाहीत.

सुट्टीच का मोडायची, हा प्रश्न तयारीच्या पहिल्या बैठकीतच निघाला. जून ते एप्रिल शिक्षकाच्या हाती सलग वेळ नसतो. चाचण्या, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीची तयारी, ऑनलाइन माहिती भरणं हे चालूच असतं. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारणाची कामं शिक्षकांना लावता येतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ते ५० तास तुकड्यातुकड्यांनी भरता येतील. पण एकाच गणिती कल्पनेशी दोन-तीन दिवस झटायचं असेल तर सुट्टीला पर्याय नाही. ही युक्ती जुनीच आहे. १९५७मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यावर अमेरिकेत विज्ञान-गणिताच्या शिक्षकांच्या उन्हाळी वर्गांना मोठा पैसा मिळाला आणि १९६०च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोग व एनसीईआरटी यांनी अमेरिकी मदतीने तसेच वर्ग आपल्याकडे भरवले. त्या वर्गांचा रोख विषय नव्याने शिकण्यावर होता. पुढे आपल्याकडच्या प्रशिक्षणांतून हा रोख हळूहळू निघून गेला, याची मला फार खंत वाटते.

आलेल्या शिक्षकांना प्रशिक्षणांचा अनुभव भरपूर होता. राज्यस्तरावर तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला. लाखो शिक्षकांपर्यंत पोचायचं तर अशी उतरंड लागणार, हे मान्य. पण दर पायरीवर आशय गळतो. केंद्रावर येईपर्यंत स्लाइड, कृतींची यादी आणि हजेरी एवढंच उरतं. ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं या विचाराची, व्याख्या सगळ्यांना पाठ असते. अपूर्णांकाने भागताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं. म्हणून आम्ही एक गोष्ट आधीच ठरवली: पहिले दोन दिवस अध्यापनपद्धतीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. गणित करायचं. वेळ सकाळी साडेसात ते बारा. ज्या भागात पाणी यायचं असेल तिथल्या शिक्षकांनी उशिरा आलं तरी चालेल.

फळ्यावरचा प्रश्न

पहिल्या सकाळी फळ्यावर एवढंच लिहिलं: १ ३/४ ÷ १/२. उत्तर काढा, आणि हाच भागाकार करावा लागेल असं एक शाब्दिक उदाहरण तयार करा.

पावणेदोन भागिले अर्धा. उत्तर मिनिटभरात सगळ्यांचं आलं, साडेतीन. पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा अंशाधिक केला, ७/४, अर्ध्याचा गुणाकार व्यस्त घेतला, २, गुणले. शाब्दिक उदाहरणाला मात्र खोली शांत झाली. वह्यांत लिहिलेलं खोडलं जाऊ लागलं. अर्ध्या तासाने वाचून दाखवायला सुरुवात झाली तेव्हा दोन प्रकारची उदाहरणं सर्वांत जास्त निघाली. एक: पावणेदोन भाकरी दोघांत सारख्या वाटल्या, प्रत्येकाला किती? दुसरं: पावणेदोन एकर रानातलं निम्मं विकलं, किती विकलं? दोन्ही फळ्यावर लिहून घेतली आणि त्यांची उत्तरं त्यांच्याकडूनच काढून घेतली. दोन्हींचं उत्तर सातअष्टमांश. एकाहून कमी. आणि वर फळ्यावर साडेतीन लिहिलेलं.

अक्कलकोटकडच्या एका बाई उठून म्हणाल्या, “पोरं हेच विचारतात सर. भागल्यावर वाढलं कसं? मी सांगते, नियम आहे, उलटा करून गुणायचं.” त्या बोलल्या आणि बाकीच्यांची भीड गेली. आपण दोनने भागतोय, अर्ध्याने नाही, हे एकाने ओळखलं. निम्मं करणं म्हणजे अर्ध्याने गुणणं, हे दुसऱ्याने. मग अर्ध्याने भागायचं म्हणजे काय करायचं?

इथे एका निवृत्त गुरुजींनी वाट काढून दिली. जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असत, त्यांनाही होते. त्यांनी अडीचकी म्हणायला घेतली: अडीच, पाच, साडेसात, दहा. साडेसातला थांबले आणि विचारलं, “साडेसातात अडीच किती वेळा?” तीन वेळा. “मग साडेसात भागिले अडीच किती? पाढा उलटा वाचा की.” किती जणांत वाटलं, असं न विचारता किती वेळा बसलं, असं विचारलं की अपूर्णांकाने भागण्याला अर्थ येतो. पाच-सात मिनिटांत बरोबर उदाहरणं येऊ लागली. पावणेदोन मीटर कापड आहे, एका पिशवीला अर्धा मीटर लागतं, पिशव्या किती?

खरा वाद यानंतर झाला, आणि आठवड्यातला सर्वांत मोलाचा तास मी तोच मानतो. पूर्व भागातल्या एका सरांनी कागदाची पट्टी घेऊन पिशव्या कापायला सुरुवात केली. अर्धा, अर्धा, अर्धा. तीन पिशव्या झाल्या. उरलं पाव मीटर. ते म्हणाले, तीन पिशव्या आणि पाव उरलं, म्हणजे उत्तर तीन पूर्णांक एकचतुर्थांश. साडेतीन कुठून आलं? निम्मी खोली त्यांच्या बाजूची झाली. नियमाने साडेतीन येतं, हातात पाव दिसतं. कुणी म्हणालं, नियम बरोबर, पट्टी चुकली. कुणी पट्टी पुन्हा कापली. आम्ही सुलभक गप्प राहिलो, कारण पस्तीस शिक्षक एका चतुर्थांशासाठी हिरिरीने भांडताहेत ही गोष्ट आम्हाला फार दुर्मीळ वाटली.

अखेर मोहोळच्या एका तरुण शिक्षिकेने तो गुंता सोडवला. “पाव कशाचा? मीटरचा. आपण मोजतोय काय? पिशव्या. पाव मीटरमध्ये पिशवी किती होते?” अर्धी. उरलेला तुकडा तोच, पण मीटरने मोजला तर पाव आणि पिशवीने मोजला तर अर्धा. भागाकाराचं उत्तर पिशव्यांत आहे, म्हणून साडेतीन. अपूर्णांक हा नेहमी कशाचा तरी असतो, आणि भागाकार करताना ते ‘कशाचा’ मधेच बदलतं. पुस्तकातली रीत बिनचूक असूनही ही जागा झाकून टाकते. मूल नेमकं इथेच अडतं, आणि आपल्याला ती जागा दिसलेलीच नसेल तर मूल का अडलं हेही दिसत नाही.

उलटं का करायचं, ते आता आपोआप निघालं. एका मीटरमध्ये अर्धे दोन बसतात, तर पावणेदोन मीटरमध्ये पावणेदोनच्या दुप्पट. मग एका प्राध्यापकांनी दुसरी वाट दाखवली: अर्धा डबा भरायला पावणेदोन किलो ज्वारी लागली, पूर्ण डब्याला किती? इथे ‘किती वेळा बसतं’ असं काही नाही, तरी भागाकार तोच आणि उत्तर साडेतीन किलो. आपण ज्याला वाटणी म्हणतो तिचंच हे अपूर्णांकातलं रूप आहे: एका पूर्ण वाट्याला किती येतं. हे काहींना पटायला दुसरा दिवस उजाडला, आणि पटलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं, हे मला चांगलं वाटलं.

हा प्रश्न आमचा नव्हता. गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमका हाच भागाकार शिक्षकांना दिला होता. २३ अमेरिकी शिक्षकांपैकी योग्य अर्थाचं उदाहरण फक्त एका व्यक्तीला जमलं. ७२ चिनी शिक्षकांपैकी ६५ जणांना जमलं. हे आकडे आम्ही मुद्दाम दुसऱ्या दिवशी सांगितले, आधी नाही. सोलापूरच्या शिक्षकांना दिलासा मिळाला तो वेगळ्याच गोष्टीने. त्या चिनी शिक्षकांचं औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी होतं. फरक पडला तो पाठ्यपुस्तकाचा एकत्र बसून, वर्षानुवर्षं बारकाईने अभ्यास करण्याने. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसालाही हे करता येतं.

वह्यांची सकाळ

तिसऱ्या दिवशी शिक्षकांनी आपापल्या वर्गातल्या वह्या आणि चाचणीचे पेपर आणले होते. मुलांची नावं झाकलेली. नियम एकच: चूक दिसली की ‘निष्काळजीपणा’ म्हणायचं नाही, मुलाने काय विचार केला असेल ते लिहायचं.

१/३ + १/४ = २/७ बहुतेक प्रत्येक गठ्ठ्यात निघालं. मूल अंश आणि छेद या दोन वेगळ्या संख्या समजतं. ३.१२ हे ३.७पेक्षा मोठं, कारण १२ हे ७पेक्षा मोठं. ३/८ हे ३/५पेक्षा मोठं, कारण तेच. या सगळ्यांत पूर्ण संख्यांचं ज्ञान प्रामाणिकपणे पुढे ओढलेलं आहे. पण मला सर्वांत खटकलं ते सातवीतलं −३ − ५ = ८. एकाच शाळेतल्या निम्म्याअधिक पेपरांत ते होतं. कारण विचारलं तेव्हा त्या शाळेच्या सरांनी स्वतःहून सांगितलं की वर्गात ‘ऋण ऋण धन’ असं घोकून घेतलं जातं. गुणाकाराचा नियम सुटा होऊन बेरजेत शिरला. मुलांनी नियम चोख पाळला होता.

या सकाळी खोलीतली भाषा बदलली. ‘पोरांना बेसिक येत नाही’ हे वाक्य पहिल्या दोन दिवसांत वारंवार ऐकू येत होतं. वह्या उघडल्यावर ते विरलं. ऋणसंख्यांसाठी काय करता येईल, यावर जेवणाच्या डब्यांभोवतीही चर्चा चालू राहिली. उसनवारी घ्यावी की संख्यारेषा, यावर एकमत झालं नाही. माझं मत संख्यारेषेच्या बाजूने आहे, कारण उसनवारीचं रूपक ऋण गुणिले ऋण आलं की कोलमडतं.

चौथा दिवस आम्ही एका शाळामास्तराच्या नावे ठेवला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिकवत. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. हे बहुतेकांनी ऐकलेलं होतं. का, हे कुणी विचारलेलं नव्हतं. चार अंकांचं कारण अवघड, म्हणून तीन अंक घेतले. मोठा अंक क, लहान ख धरला तर मधला अंक उडून जातो आणि वजाबाकी येते ९९ × (क − ख). म्हणजे पहिल्या पायरीनंतर फक्त नऊ शक्यता उरतात: ९९, १९८, २९७ असं करत ८९१पर्यंत. ९९पासून निघालं तर ०९९ धरून ८९१, मग ७९२, ६९३, ५९४ आणि शेवटी ४९५, जिथून बाहेर पडता येत नाही. बाकीच्या संख्याही याच वाटेवर येऊन मिळतात. नऊ संख्या तपासल्या की सिद्धता पूर्ण. इतिहास घेऊन पदवी केलेल्या एका सरांनी ती फळ्यावर पूर्ण केली आणि म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सिद्ध केलं. वर्गात मुलांसमोर उभं राहताना ही भावना पाठीशी असणं आणि नसणं, यात फार अंतर आहे.

पाचव्या दिवसाचं डिजिटल साधनांचं सत्र यथातथाच झालं. वीज दोनदा गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

जूननंतर

उन्हाळी वर्गात शिकलेलं विरतं ते जून-जुलैत. शाळा उघडल्यावर प्रवेश, पुस्तकवाटप यांत दिवस जातात. आपल्या जिल्ह्यात त्यात आषाढी. पालख्या नातेपुते, माळशिरस, अकलूजकडून पंढरपूरला येतात तेव्हा वाटेवरच्या शाळांमध्ये वारकरी मुक्कामाला असतात आणि शिक्षकही त्या व्यवस्थेत असतात. आमचा गट त्या वाटेवरचा नसला तरी दोन सुलभक तिकडचे होते. म्हणून पहिली बैठक आषाढीनंतरच धरायची, हे मे महिन्यातच ठरलं. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेला जोडून तासभर मागून घ्यायचा, दर वेळी एकच पाठ सगळ्यांनी मिळून तयार करायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी मागे बसून मुलांकडे बघायचं. जपानी शिक्षक हे पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत.

पहिला पाठ पूर्व भागातल्या त्याच सरांनी घेतला, ज्यांनी पट्टी कापली होती. सहावीचा वर्ग, बरीच मुलं घरी तेलुगू बोलणारी, कित्येकांच्या आया विड्या वळणाऱ्या. विड्यांची मजुरी हजारावर ठरते, म्हणून हजार हे माप मुलांच्या अंगवळणी पडलेलं. सरांनी विचारलं: एक बाई दिवसाला पाऊण हजार विड्या वळते, तीन हजार व्हायला किती दिवस? एका मुलीने बोटांवर केलं: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. चार दिवस. सरांनी ३ ÷ ३/४ लिहिलं आणि विचारलं, एक हजाराला किती दिवस? इथे बराच वेळ गेला. एक दिवस, असं पहिलं उत्तर आलं. मग एक दिवस आणि पाव, कारण पाव हजार उरलं. मे महिन्यात ज्या चतुर्थांशावर शिक्षक भांडले होते, तोच इथे मुलांच्या तोंडी आला. सर थांबले. पाव हजार वळायला दिवसाचा कितवा हिस्सा लागेल, असं त्यांनी विचारलं. पाऊण हजारात पाव तीन, म्हणजे तिसरा हिस्सा. एक हजाराला एक दिवस आणि एकतृतीयांश, म्हणजे ४/३ दिवस. तीन हजाराला ३ × ४/३. उलटा केलेला अपूर्णांक कुठून आला ते मुलांना दिवसांत मोजलेलं दिसलं.

तासात एकच उदाहरण झालं. मागे बसलेल्या एका केंद्रप्रमुखांनी नंतर विचारलं की या गतीने अभ्यासक्रम कसा पुरा होणार. प्रश्न रास्त आहे आणि गटाकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. सरांचं म्हणणं असं की पुढचे दोन तास नेहमीपेक्षा भराभर गेले. ते एका वर्गाबद्दल आहे, त्यावरून फार काही म्हणता येत नाही.

गटातून काही जण गळले. बदलीने दोघे गेले, काहींना शनिवारची बैठक जमेना. उर्दू आणि कन्नड माध्यमाच्या शिक्षकांसाठी मे महिन्यातले कागद मराठीतच होते. बालभारतीची पुस्तकं कन्नड, तेलुगू, उर्दूसह आठ भाषांत निघतात, तेव्हा संज्ञा त्या पुस्तकांतून घेऊन कागद त्या भाषांत करणं अवघड नाही, पण ते करायला त्या माध्यमांचे शिक्षकच आयोजनात हवेत. आता कन्नड माध्यमाच्या एक बाई आयोजनात आल्या आहेत. उर्दूसाठी शोध चालू आहे. सुट्टीतल्या दिवसांच्या बदल्यात अर्जित रजा मिळावी, ही शिक्षकांची मागणी मला योग्य वाटते. आदेशाने झालेल्या प्रशिक्षणाला ती मिळू शकते, स्वेच्छेने आलेल्यांना नाही, आणि यावर मार्ग निघाल्याशिवाय गट पस्तीसच्या पुढे जाणं कठीण आहे.

पुढच्या मे महिन्यासाठी विषय ठरला आहे, समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण. सातवी-आठवीत मुलं कुठलंही उदाहरण दिसलं की तिरकस गुणाकार करून मोकळी होतात. पहिल्या सकाळी फळ्यावर लिहायचा प्रश्न अजून सापडलेला नाही. इंचाला किती धागे आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती, यावरून चादरीच्या ताण्याचे (उभे) धागे मोजण्याचा एक प्रश्न मोहोळच्या शिक्षिकेने सुचवला आहे: ६० इंच पन्ह्याला इंचाला ४० धागे म्हणजे २४०० धागे, धागे तेवढेच ठेवून पन्हा ८० इंच केला तर इंचाला किती पडतील? बाकीच्यांचं म्हणणं, तीस हेच उत्तर सगळ्यांचं मिनिटभरात येईल आणि कुणी अडणार नाही. सर्वांना अडवेल असा प्रश्न मार्चपर्यंत शोधायचा आहे.